कुसाबाईची सैल जुडी

मखमलाबाद, नाशिक
बुधवार, १८ डिसेंबर २०२४

चि. सौ. कुसाबाईस,

तुझ्या वहिनीचा तुला आणि तुझ्या भरल्या घराला आशीर्वाद. इकडे आम्ही आपापल्या जागी बरे आहोत, तुम्हीही असाल. थंडी फार पडलीय. सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. संतोषची सातपूरला या आठवड्यात रात्रपाळी आहे, तो दिवसा झोपतो, आणि आम्ही आपल्याच घरात चोरपावलांनी वावरतो. मनीषानं तिळाची चटणी कुटलीय, डबा पाठवते. गोड सून आहे, पण मीठ टाकताना हात आखडतो तिचा. तू वरून घे.

तुझा दिनेश उद्या पहाटे भाजीची गाडी घेऊन इकडे मार्केटला येईल, तेव्हा डबा आणि हे पत्र त्याच्याच हाती देईन. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय, वाटेत उघडलं तर तुला कळेल. फोन का केला नाही म्हणशील, तर तुझा फोन ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत असतो, आणि ओसरीवरच तुझा दादा बसतो. मला लिहायचंय ते त्यांनी ऐकायचं नाही. माझं अक्षर सांभाळून घे. तू सातवी शिकलीस. मी भाजी गुंडाळायच्या जुन्या पेपरांवरून एकेक अक्षर वेचलं, त्यामुळे काना-मात्रे कुठे जास्त, कुठे कमी.

कुसा, इकडे तुझं फार नाव झालंय. भावकीत कुठेही जा, तुझीच गोष्ट. उन्हाळ्यात सावळीरामला झटका आला, उजवी बाजू गेली, बायकोनं दिवाळीपर्यंत केलं पण माणूस खाटेवरून हलला नाही. भाऊबीजेला बहीण आली, गाडीत घालून सायखेड्याला घेऊन गेली, आणि महिन्याभरात उभा केला. अशी गोष्ट सांगतात. खोटं काहीच नाही त्यात. परवा भावकीतल्या सखुबाईच्या नातीच्या हळदीला गेले होते. सखुबाईनं सगळ्यांसमोर माझ्या गालाला हळद लावली आणि म्हणाली, "कलाबाई, तुमचं नशीबच वेगळं. बायकोनं निजवला, बहिणीनं उठवला." बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन ती हळद इतकी घासली की मनीषा विचारत होती, आई, गालाला काय चावलं.

मी काय काय केलं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. निकिता नावाची मुलगी व्यायाम शिकवायला यायची, भारी मायेची पोर. तिनं हातात दाबायला रबरी चेंडू दिला. चेंडू दाबला की जिलबी, असं मी ठरवलं. यांनी जिलबी खाल्ली आणि चेंडू उशाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आधी चेंडू, मग जिलबी. ते भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी मलाच राहवलं नाही, मी जिलबी दिली. देवाला नवस बोलून बघितला. डॉक्टरांचं नाव घेऊन घाबरवलं. संतोषनं चालाल तर नवा मोबाईल घेऊन देतो म्हणून सांगितलं, तर हे म्हणाले, "मोबाईल घेऊन जाऊ कुठं?"

तेव्हा संतोषनं मला त्यांच्या कंपनीतली गंमत सांगितली. तिथे वर्षभर रजा न घेणाऱ्याला मिक्सर द्यायचं ठरलं. लोकांची हजेरी वाढावी म्हणून. मग डोळे आले तरी लोक मिक्सरसाठी कामावर यायला लागले, आणि एकाचे डोळे सगळ्या लाईनीला लागले. साहेबांना वाटलं आपण कामाचं बक्षीस देतोय, लोक घेत होते आजारी पडून न सांगण्याचं. मी हसले, म्हटलं, शहाणे रे तुमचे साहेब. तर संतोष म्हणाला, "आई, तूही तेच करतेस. तू अण्णांना न उठण्याचं बक्षीस देतेस."

मी त्याच्याशी चार दिवस धड बोलले नाही.

आता दुसरी गोष्ट. रविवारी मी येणार होते आणि ताप आला म्हणून आले नाही, असं तुला फोनवर सांगितलं. मला ताप नव्हता, आणि मी आले होते.

संतोषनं मोटारसायकलवर आणलं. त्याला पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि एकटी पुढे आले. त्याला सांगितलं, तू चहा घे, मी पाय मोकळे करत घरी पुढे होते. खरं म्हणजे तुमच्या घरी काय चालतं ते तुम्हाला न कळता मला बघायचं होतं. अशी कोणती जादू करते ही, जी मला येत नाही. तुमच्या फाटकाशी शेवगा आहे, त्याच्याआड उभी राहिले. या वयात. कुणी बघितलं असतं तर कोंबडी चोरायला आले म्हटलं असतं.

हे खाटेवर बसले होते. तू अंगणात मेथीच्या ढिगाशी. तू एक जुडी बांधलीस आणि बाजूला टाकलीस, आणि ती जुडी मी डोळे पुसून पुन्हा बघितली. मुळं एक वर, एक खाली. मधे हराळी. केळीच्या सालीचा बंद इतका सैल की उचलली तर निम्मी भाजी जमिनीवर. कुसा, तुला जुडी बांधायला मी शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तू परकरात होतीस, मातीत बसून माझ्याकडून शिकलीस. तुझ्या हातची जुडी भिंतीवर फेकून मारली तरी सुटत नाही. ती जुडी चुकून तशी झालेली नव्हती.

हे ओरडले, "कुशे, मेथी बांधते का गवत?"

तू मान वर न करता म्हणालीस, "असू दे रे दादा. कोण बघतंय."

"कोण बघतंय? लिलावात माझी जुडी न सोडता बोली लागायची. मार्केटात नाव हाय माझं."

"होतं," तू म्हणालीस, आणि दुसरी तशीच घाण जुडी टाकलीस.

मला वाटलं, आता हे रडतील. मी तर ते तोंडातून काढलंच नसतं, जीभ झडली असती माझी. हे उठले. खाटेचा दांडा धरून, मग दांडा सोडून. उजवा पाय ओढत, तुला शिव्या देत, ते अंगण ओलांडून आले आणि पाटावर बसले. तुझी जुडी सोडली. ज्या हातात रबरी चेंडू टिकत नव्हता त्या हातात मेथी धरली, मुळं गुडघ्यावर आपटून सारखी केली, आणि बंद दातांनी ओढला. आणि ते मान खाली घालून बांधत असताना तू पायानं उरलेला ढीग हळूच लांब सरकवलास, म्हणजे पुढच्या जुडीला पुन्हा उठावं लागेल.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं असं लिहिता आलं असतं तर हे पत्र इथेच संपवलं असतं. आम्ही सगळे त्यांना फायदा दाखवत बसलो, जिलबी, मोबाईल, बरं वाटेल, जगाल. त्यांना स्वतःसाठी काही नकोच होतं. वाईट जुडी बघवत नव्हती एवढंच. ही साधी गोष्ट मला का सुचली नाही, हा माझा पहिला राग. जन्म गेला माझा त्यांच्याशेजारी बसून जुड्या बांधण्यात. दुसरा राग त्याहून वाईट आहे. जो माणूस तुझ्या मेथीसाठी उठला, तो माझ्यासाठी का उठला नाही.

मग तू म्हणालीस, "दादा, आता घरी जायचं का? वहिनी वाट बघती."

ते म्हणाले, "नको. हितं बरं हाय. ती लय जीव लावती. घरी गेलो का मला परत पाळण्यात घालील."

तू हसलीस. मी मागच्या मागे फिरले. टपरीवर संतोष म्हणाला, इतक्यात? म्हटलं, झोपलेत, उठवलं नाही. त्याचा दुसरा चहासुद्धा संपला नव्हता.

कुसा, तू हसलीस म्हणून मी तीन दिवस तुझ्यावर जळतेय. स्वयंपाक करताना जळते, देवापुढे बसले तरी जळते. पण ते पाळण्याचं बोलले त्यात वावगं काही नव्हतं, हेही लिहिते. निकितानं त्यांना उजव्या हातानं चमचा धरायला शिकवलं होतं. दोन दिवस त्यांनी स्वतः वरणभात खाल्ला, थोडा पोटात, थोडा सदऱ्यावर. ती पोर दारातून बाहेर पडली की मी चमचा काढून घ्यायची. सांडतं म्हणून, असं सगळ्यांना सांगायची. सांडलेलं पुसायला असा किती वेळ लागतो.

खरं कारण लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. लग्न झाल्यापासून या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. अगं, ऐकलं का, ए, ती गोणी धर. झटका आल्यावर जीभ जड झाली, लांब बोलणं जमेना, तेव्हा त्यांना 'कला' एवढंच सोपं उरलं. पाण्याला कला, कूस वळायला कला, उगाच जाग आली तरी कला. तुला हे सांगून कळणार नाही, तुझा नवरा तुला पहिल्यापासून नावानं हाक मारतो. मला घरात फिरताना आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलं. ते बरे झाले की पुन्हा 'अगं' होणार, हे मला आतून ठाऊक होतं. मी त्यांना मुद्दाम निजवलं नाही, देवाशपथ. पण आधाराला हात देताना मी तो थोडा जास्तच दिला.

आता पुढचं. त्यांना घरी आणलं तर काय होईल ते मला दिसतं. पहिल्या दिवशी मी हाताची घडी घालून बसेन. दुसऱ्या दिवशी त्यांचा कप थरथरेल आणि माझा हात आपोआप बशीखाली जाईल. माझे हात माझं ऐकत नाहीत. म्हणून मी ते हातच घरातून घेऊन जातेय.

उद्या दिनेशच्या हाती हे पत्र दिलं की मी मालेगावच्या एसटीत बसणार. लखनकडे, माझ्या भावाकडे. रुसून.

हसू नकोस. माझ्या जावा रुसून माहेरी जाऊन आल्या, बहिणी जाऊन आल्या, कुणी साडीवरून, कुणी सासूच्या बोलण्यावरून. त्यांचे नवरे टोपी सारखी करून न्यायला गेले, मेव्हण्याची चार बोलणी खाल्ली, वर जेवले आणि बायकोला घेऊन आले. मी एकदाही गेले नाही. पहाटे भाजी मार्केटला जायची, रुसायला सवड कुणाला होती. लखनला फोन केला तर तो घाबरला, "ताई, बरं शे ना सगळं?" त्याची बायको मागून म्हणाली, "येऊ द्या हो, आपल्या दारी रुसायला कुणी येतच नाय."

तू तुझ्या दादाला एवढंच सांग, वहिनी रुसून माहेरी गेली. का म्हणून विचारतील. म्हणावं, मला काय माहीत, बायको तुझी. ती युक्ती तुला जमते, मी बघितलंय. त्यापुढे काही बोलू नकोस, आणि जा म्हणून तर मुळीच सांगू नकोस. चार दिवस फुरफुरतील. पण रुसलेली बायको माहेरी तशीच पडून राहिली, न्यायला कुणी गेलं नाही, हे लखनच्या गल्लीत बोललं जाईल, आणि ते त्यांना सोसायचं नाही असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, तसं वाटून घेऊन मी जातेय.

निघाले तर दिनेशनं गाडीनं आणावं. लखनच्या गल्लीत गाडी शिरत नाही, दोन्ही अंगांना सुताची गाठोडी रचलेली असतात आणि आत माग खडखडत असतात. तिथून दारापर्यंत चालावं लागेल, आणि लखनचा ओटा उंच आहे. दिनेशनं त्यांना धरायचं नाही, त्याला माझी शपथ घाल. मी दारात असेन. मीही धरणार नाही, दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवीन.

तू म्हणशील, वहिनीनं माझीच युक्ती चोरली. चोरली. मेथीच्या अपमानासाठी ते अंगणभर चालले. बायकोसाठी किती चालतात ते मला एकदा बघायचंय. आणि राग मानू नकोस, पण ते बघायला तू तिथे नसावीस. तू बरोबर आलीस तर लोक म्हणतील, बहिणीनं आणला. एवढं एक माझं मला राहू दे.

आले नाहीत, तर त्यांना तुझ्याकडेच ठेव. तुझ्याकडे ते ताठ बसतात, मी बघितलंय. मी मधे येणार नाही. फक्त दादा आज किती चालला ते मला फोन करून सांगत जाऊ नकोस.

लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, रुसण्याचं सोंग करायचं, त्यांना उठवण्यापुरतं. पिशवी भरून झाली, चटणीचा डबा बांधून झाला, आणि आता बघते तर ते सोंग राहिलेलं नाही. एवढ्या वर्षांचं साचलेलं आहे, आणि मी खरीच निघालेय. हे मात्र त्यांना सांगू नकोस. त्यांचं त्यांना कळलं तर कळू दे.

तुझा हेवा करणारी आणि तुझ्या भावावर रुसलेली,
कलावहिनी