कुत्र्याला नाव आहे

१२ जाने. २०२१, लायडन (नेदरलँड्स)
शाळा बंद, लेकीचे, सईचे, वर्ग लॅपटॉपवर. अंगणापलीकडचे केस (नावातच केस, डोक्यावर एकही नाही) दाराशी आले, दीड मीटर राखून. जुने जादूचे कंदील जमवतात: दिव्यापुढे रंगवलेली काच, भिंतीवर चित्र. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी मुलांसाठी ऑनलाइन खेळ. गोष्ट मी वाचावी, इंग्रजीत. "नीला, तुझा आवाज छान आहे." इतकी वर्षं शेजारी. आवाज आजच ऐकला?

१४ जाने.
काचांचे फोटो आले. आजोबांच्या काळातली विनोदी चित्रं, ऑस्ट्रेलियातली. गोरा मेंढपाळ, त्याचा कुत्रा, आणि तिथला एक आदिवासी. ओठ फुगवलेले, डोळे बटाट्याएवढे, चाल माकडाची. बूमरँग फेकतो, ते परत येऊन त्याच्याच टाळक्यात. शेवटच्या काचेत कुत्रासुद्धा हसतोय. चित्रकाराचा हात पक्का, म्हणून आणखीच...
संदीप म्हणाला, "तुलाच का विचारलं, कळलं ना? सावळ्या बाईनं वाचलं की बोट कोण दाखवणार?"
म्हटलं, तू नवरा आहेस की सीआयडी. पण माझ्याही मनात तेच.

१७ जाने., रवि.
चित्रांवरून गोष्ट लिहायला घेतली, तर मसुदा मराठीतच सुरू झाला. सवय. सईला वाचून दाखवला. लहानांच्या गोष्टीत कुणीही मामा होतो, तसं झालं: "मामांनी बूमरँग फेकलं."
सई डचमध्ये, "पण मामाचं नाव काय?"
काचा पुन्हा पाहिल्या. चित्रांखाली अक्षरं आहेत. मेंढपाळ जॅक. कुत्रा रेक्स. माणसाला नावच नाही.
मामा. नि मला कोण मामा बनवतंय?

१९ जाने.
केसना अंगणात गाठलं. म्हटलं, वाचीन. पण आधी मुलांना सांगीन की ही माणसं अशी नव्हती, कुणीतरी ती अशी काढली. आणि कुत्र्याला नाव आहे, माणसाला नाही.
"मुलांचा खेळ आहे, नीला. जड नको करू. आणि तू भारतातली, तुला यात लागण्यासारखं काय?"
"मग मीच का?"
सायकलचं कुलूप उघडायला त्यांना फार वेळ लागला. "बघू. अजून काही ठरलेलं नाही."

२१ जाने.
जाहिरात आली. निवेदन: माझं नाव. शेजारी फोटो, साडीतला. दिवाळीला चकल्या द्यायला गेले तेव्हा त्यांनीच हौसेनं काढलेला. काही ठरलेलं नाही म्हणे.
मेल केली: माझी अट मान्य करा, नाहीतर नाव काढा. साडीसकट.

२२ जाने., शुक्र.
उत्तर नाही. फोन वाजतो, उचलत नाहीत.
इथे कुणी पडदे ओढत नाही. केस चहात साखर किती घालतात तेही आमच्या ओट्यावरून दिसतं. आज पडदे बंद. कडेनं उजेड हलतोय, काचा बदलताहेत.
कचरा टाकायच्या निमित्तानं त्यांच्या खिडकीखालून गेले. आत दुसरीच एक बाई जॅक-रेक्सची गोष्ट इंग्रजीत वाचत होती, माझ्यासारखीच जरा सावकाश. मधेच केस हसले. ती थांबली, तेच वाक्य पुन्हा घेतलं.
घरी येऊन जाहिरात उघडली. नाव अजून माझंच आहे.