पान उलटतानाचा आवाज

बुधवार, ९ तारीख
स्टाफ क्वार्टर्स

प्रिय बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, खोलीत सकाळचं ऊन येतं. आईला म्हणावं, काळजी करू नकोस.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्याकडे फोन आईच उचलते. परवा म्हणाली, "अगं, ते बोलत नाहीत म्हणून काय झालं? तुझा फोन आला की टीव्ही बारीक करतात." मला हसू आलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या भेटी कान देऊन ऐकण्यात गेला, आता सवय कशी जाणार?

तुम्ही निवृत्त झाल्यापासून तुरुंगात फारसं काही बदललेलं नाही. भेटीच्या हॉलमधली टेबलं अजून जमिनीला ठोकलेलीच आहेत. हात सतत टेबलावर दिसले पाहिजेत. मिठी आल्यावर एकदा, निघताना एकदा. कैद्यांच्या कपड्यांच्या रंगाचं काही घातलं असेल तर गेटवरूनच परत. मागच्या आठवड्यात एक आजी राखाडी स्वेटर घालून आली. गेटवरचा म्हणाला, "आजी, स्वेटर काढा नाहीतर घरी जा." तिनं काढला. आतला झगाही राखाडी! मी माझं जाकीट तिला दिलं. तुम्ही ड्युटीवर असतात तर पोटच्या पोरीची तक्रार केली असतीत. चेष्टा करतेय, म्हणजे अर्धीच.

सुतारकाम आणि बेकरी चालू आहे. माझा वाचनाचा वर्गही चालू आहे, म्हणजे काल सकाळपर्यंत होता.

त्या वर्गातलं एक काम तुम्हाला माहीत आहेच, तरी लिहिते. लहान मुलाला पालकाबरोबरच भेटीला येता येतं, आणि बाहेरचे पालक बरेचदा इकडे फिरकत नाहीत. अशा मुलांसाठी आतला बाप गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचतो, आम्ही ते रेकॉर्ड करतो आणि पुस्तकासकट घरी पाठवतो. अट एकच. पुस्तकात छापलंय तेवढंच वाचायचं. मुलाचं नावसुद्धा घ्यायचं नाही. बाहेर जाण्याआधी निवृत्त शिपाई प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकतात, कारण कैद्यांच्या शिट्ट्या, टकटक, खाणाखुणा त्यांच्याइतक्या कुणाला कळत नाहीत. तुम्हाला त्यासाठी बोलावलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! वाटलं, बाबा आता माझं काम निदान ऐकतील तरी.

वर्गात एक जण आहे, सगळे त्याला पेंटर म्हणतात. बाहेर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कागदावर दिलेली अक्षरं भिंतीवर हुबेहूब उतरवायचा, पण त्याला वाचता येत नव्हतं. मला म्हणाला, "मॅडम, आख्खा बाजार माझ्या हातचा, आणि मला एक दुकान वाचता येईना." त्याची मुलगी मामाकडे असते. मामा तिला आणत नाही, आणि या महिन्याअखेर तो बिऱ्हाड घेऊन परदेशी चालला आहे. पेंटर वाचायला शिकला तो एवढ्यासाठीच. एका कासवाची गोष्ट त्यानं इतक्या वेळा घोकली की शेजारच्या कोठडीतले ओरडायचे, "अरे, पोचव त्या कासवाला एकदाचं घरी!"

मुलीला अजून वाचता येत नाही. पान कधी उलटायचं हे तिला कळावं म्हणून मी सगळ्यांना सांगितलं होतं, माईकजवळ कागद वाजवा. पेंटरचं सगळं लक्ष अक्षरांवर. कागद वाजवायला तो विसरायचा आणि पान संपलं की जिभेनं टक् करायचा. गोड वाटलं मला ते. मी ते तसंच राहू दिलं.

काल साहेबांनी बोलावलं. "संशयास्पद खूण" असा शेरा आलाय, म्हणून ते रेकॉर्डिंग अडवलं, आणि चौकशी होईपर्यंत वर्ग बंद. मी वाद घातला. साहेब म्हणाले, "मॅडम, ज्यानं शेरा मारला त्यालाच तो मागे घेता येतो. माझ्याशी काय भांडताय? घरी जाऊन भांडा ना."

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, बाबांचं काय चुकलं, नियम तो नियम. पण साहेबांच्या केबिनबाहेर तुमचे जुने जोडीदार भेटले, ते मिशीवाले काका. ते सहज बोलून गेले, "तुझ्या बाबांनी ते एकच रेकॉर्डिंग मागून घेतलं. आम्ही म्हटलं, कशाला त्रास करून घेतोस? तर म्हणाला, नाही, हे मीच ऐकणार."

ऐकणाऱ्याची कैद्याशी जुनी ओळख असेल तर त्यानं बाजूला व्हायचं, हाही नियमच आहे. तो तुम्हाला माहीत नव्हता असं म्हणू नका.

जेवणघरात दंगल झाली तेव्हा तुमच्या हातावर लोखंडी दार कुणी लोटलं, हे घरात कधी कुणी उच्चारलं नाही. मलाही माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्या शर्टाची बटणं रोज आई लावते. ते बघत मी मोठी झाले. म्हणून पेंटरला शिकवताना मला काहीच वाटलं नाही असं समजू नका. पहिले काही दिवस मी त्याच्या पाटीकडे बघायचे, त्याच्याकडे नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर तो मागे राहिला. "मॅडम, वडिलांचा हात कसा आहे?" आडनावावरून त्यानं केव्हाच ओळखलं होतं. मी म्हटलं, तुम्ही गृहपाठ करा.

काल रेकॉर्डिंग अडवल्याचं त्याला मीच सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "त्यांनी ऐकलं का?" मी म्हटलं, बाबांनीच ऐकलं. तो म्हणाला, "मग राहू द्या. त्यांच्याशी भांडू नका." खुर्ची आत सरकवली आणि गेला. बाबा, तो चिडला असता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुम्ही त्याला माफ करा असं मी म्हणणार नाही. मला तो हक्क नाही, आणि मलाही ते जमलेलं नाही. पण त्या पोरीनं तुमच्यावर कुठलं दार लोटलं होतं? गोष्ट पोचली काय नि अडली काय, तुमची बोटं मिटणार नाहीत. तुम्ही पोरीचा बाप आहात. ते टक् म्हणजे बाप पोरीला पान उलटायला सांगतोय, हे तुम्हाला ऐकताक्षणी कळलं असणार. कळलं, आणि तरी तुम्ही शेरा लिहिलात. मला झोंबतंय ते हे.

शुक्रवारी सकाळी चौकशी समिती बसते. तुम्ही आलात तर मी गेटवर असेन. नाही आलात तरी तिथेच असेन, माझी नोकरीच तिथे आहे. पण मग शनिवारी आईला माझ्यासाठी स्वयंपाक करायला लावू नका. आणि मी का येत नाही असं तिनं विचारलं, तर ते तुम्हीच तिला सांगा. तुमच्या तोंडानं.

शुक्रवारपर्यंत तरी
तुमचीच मुलगी