कोपऱ्यातलं बटण

१४ नोव्हेंबर, दुपार

चि. ठकूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून घाबरू नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. निदान जेवणखाण आणि भांडण तरी वेळच्या वेळी चालू आहे. पत्राचं कारण असं, की फोन बैठकीत आहे आणि तुझ्या बाबांचे कान हल्ली फार तिखट झालेत. कंप्युटरवर लिहावं, तर तो आता अक्षरन् अक्षर मोठ्याने वाचून दाखवतो. या घरात गुपित ठेवायला कागद तेवढा उरला आहे. म्हणून स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून बसले आहे.

तुझी बेकरी कशी चालली आहे? पाव नीट फुगतात ना? भट्टीचं दार उघडलं की मागचं दार अडतं, हे मागच्या वेळी तू इतकं तणतणत सांगितलंस, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्या दाराकडे मी येणारच आहे. आधी कंप्युटरची कथा ऐक.

आपला कंप्युटर वर्षभर एकच पालुपद लावून बसला होता: या आवृत्तीला आता सुरक्षा मिळणार नाही, नवी आवृत्ती घाला. बँकेनेही तेच कळवलं. मी म्हटलं, "अहो, घालून टाकू या ना नवीन." तर म्हणाले, "चालतंय ते चालू दे. हात लावायचा नाही त्याला." पुन्हा विषय काढला तर अंगावरच आले. "नवीन नवीन म्हणून सगळ्या जागा हलवून ठेवतात! माणसाने शोधायचं कुठे?"

मला वाटलं, झालं, म्हातारपणाचा हट्ट. जन्मभर पाणीपुरवठ्याचे नकाशे काढलेला माणूस. कुठला नळ कुठल्या गल्लीत कुठे वळतो, हे झोपेतही सांगेल. अशा माणसाला वस्तू जागच्या जागी लागणारच. पण हल्ली अती झालं होतं. खुर्ची जरा सरकली तरी आरडाओरडा. दार अर्धवट उघडं राहिलं की यांच्या कपाळाला टेंगूळ आणि माझ्या नावाने शंख. पेपर वाचणं सोडलं. का, तर रोज त्याच त्या बातम्या.

मग एक दिवस ते खाली केस कापायला गेले. तिथे गप्पांचा फड जमला की दोन तासांची निश्चिंती. मी संधी साधली. आधी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. (तू समजतेस तेवढी तुझी आई अडाणी नाही.) मग "हो" वर क्लिक केलं आणि जीव मुठीत धरून बसले. पडद्यावर टक्के चढत होते, खाली धमकी होती: कंप्युटर बंद करू नका. मधेच तो आपणहून बंद पडला. मला वाटलं, घेतला याचा जीव. पण उठला बाई! नवं कोरं निळं चित्र, आणि फाइली सगळ्या जागच्या जागी. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

बाबा आले आणि सवयीने कंप्युटरसमोर बसले. मी मनात म्हटलं, बघू या कधी लक्षात येतं.

ते सुरुवातीचं बटण पूर्वी खाली डाव्या कोपऱ्यात असायचं, आठवतं? नव्या आवृत्तीत ते मधे आलं आहे. बाबांनी माउस सरळ डाव्या कोपऱ्यात नेला आणि क्लिक केलं. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा क्लिक. पुन्हा. मला हसू आवरेना. "अहो, समोर तर आहे, मधोमध!" माउस थोडा उजवीकडे आला, चाचपडला आणि परत त्याच कोपऱ्यात गेला. चांगली जिरली, असंच आलं बघ माझ्या मनात.

मग त्यांनी माउस सोडला, हात मांडीवर ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "माझा हात धरून दाखव, कुठे आहे ते."

ठकू, तेव्हा कळलं मला. त्यांना दिसत नव्हतं. चित्रं, बटणं, सगळं त्यांनी पाठ करून ठेवलं होतं आणि त्यावर इतके दिवस रेटत होते. म्हणून ती खुर्ची. म्हणून तो पेपर. एका छताखाली राहून मला उमगलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

काचबिंदू आहे. एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे. दुसऱ्याला नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं, तेही धूसर. डॉक्टरीणबाईंनी आधी दोघांना भरपूर झापलं. मग म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, पण आहे ते राखता येईल. थेंब चालू आहेत. मागच्या तपासणीत नजर होती तिथेच होती. त्या दिवशी आम्ही घरी चालत आलो, वाटेत आइसक्रीम खाल्लं.

नव्या आवृत्तीत मराठी वाचून दाखवणारी एक बाई आहे. वाक्याच्या मधेच दम लागल्यासारखी थांबते आणि बाबा तिच्यावर खेकसतात. सगळा पेपर तिच्याकडून ऐकतात. मी सेटिंगमध्ये शोधून ते बटण परत कोपऱ्यात नेऊन दिलं, तर म्हणाले, "राहू दे मधेच. आता ते पाठ झालंय."

आणि मग त्यांनी तिला तुझ्या मेल वाचायला लावल्या. मी शेजारीच होते. बेकरीचा नकाशा पाठवताना तू लिहिलं होतंस, "बाबा, लाल पेन्सिल घेऊन बसा, एकही चूक सोडू नका." त्यावर यांचं उत्तर, "छान." नंतरच्या तुझ्या प्रत्येक मेलला तेच, "छान, छान." आणि तुझी ती शेवटची मेल: "तुम्ही नकाशा उघडूनही पाहिला नाहीत ना, बाबा? परक्या लोकांच्या नकाशांत चुका काढलेल्या चालतात, माझ्या नाही?" ती बाई हे सगळं एका सुरात वाचत गेली. बाबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

त्यांनी पाहिला नाही, ठकू, हे खरंच आहे. पण तू समजलीस तसं नाही.

तुला यातलं काही सांगणार नाही, असं वचन घेतलं त्यांनी माझ्याकडून. नुकती नोकरी सोडून दुकान मांडलं आहेस. सगळं टाकून धावत येशील, ही त्यांना धास्ती. मी ते वचन मोडते आहे, कारण हे दुखणं घराण्यात उतरतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा बेकरी बंद करू नकोस, धावत येऊ नकोस, पण या आठवड्यात डोळे तपासून घे. हे मी विनवत नाही, बजावते आहे. आणि

इथे थांबावं लागलं. आतून आवाज आला, "काय लिहितेस गं?"

म्हटलं, "किराण्याची यादी."

"एवढा किराणा? कधीची खरखर चालली आहे पेनाची." मग भिंतीला हात लावत ओट्यापाशी आले. "ठकूला ना? सगळं लिहिलंस?"

"हो," म्हटलं. आता मिळतील त्या शिव्या खायच्या, असं ठरवून बसले. पण ते दुसरं स्टूल ओढून म्हणाले, "डोळे तपासायचं नीट बजावून लिही. आणि तो नकाशा उघड. ती बाई नकाशा वाचत नाही, नुसती 'चित्र' म्हणते. मापं तू वाच."

मी कंप्युटर ते ओटा अशा फेऱ्या मारत मापं वाचली. त्यांनी डोळे मिटून ओट्यावर बोटाने रेघा ओढल्या. चहा उकळायच्या आत म्हणाले, "मागच्या दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घ्यायला सांग आणि दार बाहेर उघडू दे. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पोरीने बाकी नकाशा चांगला काढलाय."

यापुढे नकाशा पाठवलास तर मापं शब्दांत लिहून पाठव. फोटो पाठवलास तर त्यात काय आहे ते खाली लिही, सविस्तर. बाबांना सगळं ऐकायचं आहे.

आता ते सही करायला कागद मागताहेत. ऑफिसातल्या प्रत्येक नकाशावर त्यांची सही खाली उजव्या कोपऱ्यात असायची; तो कोपरा कागदाच्या कडेने बोट फिरवत शोधताहेत. लाल पेन्सिल त्यांची त्यांनीच खणातून काढली, जागच्या जागी होती. अक्षरं माझ्या ओळींवर चढतील, सांभाळून घे.

तुझी,
आई

तपासले. दार चुकले आहे. दुरुस्त करून पुन्हा दाखवणे.
— बाबा