जावा हलकी केली त्याची हकिगत

रावान, ऑक्टोबर अखेर

आदरणीय आणि (अजून म्हणायची परवानगी असेल तर) प्रिय कुम रादिसाव यांस तिहोमिरचा मनापासून नमस्कार.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. आपल्या दोन घरांच्या मधे एकच डोंगर आहे, आणि त्याच्यासाठी कुणी टपालाचं तिकीट चिकटवत नाही. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास की कुत्र्याच्या तोंडापाशी धरतोस. तुझा कुत्रा माझ्याशी बरं बोलतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला जे सांगायचं ते त्याच्यामार्फत पोचेल असं वाटत नाही.

तर आधी तब्येती. कुमा देसान्काचं ब्लडप्रेशर कसं आहे? मिठाची बरणी तिनं तुझ्यापासून लपवलीय की तू तिच्यापासून? तुझे गुडघे काय म्हणतात? डाव्याचं आधी कळव. उजव्याची मला तेवढी काळजी नाही, तो पहिल्यापासून कांगावखोर. सूनबाईचा खोकला गेला का? नातीचे पुढचे दात आले का? म्हातारी गाय अजून स्वतःच्या पायांवर उठते ना? आणि मधमाश्यांनी यंदा तुम्हाला काही ठेवलं की सगळं आपणच चाटून बसल्या? आमच्याकडचं विचारशील तर (विचारणार नाहीस, तरी सांगतो) आमची ही, वुकोसावा, ठणठणीत आहे, निदान आवाजावरून तरी. माझी कंबर मात्र गेली. ती कशी गेली तेच सांगायला बसलोय.

तुला आठवतं, ईस्टरला ओग्न्येन जर्मनीहून आला होता. ओग्न्येन म्हणजे माझा जावई, ज्या माझ्या मिलेनाला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलून तू माझा कुम, धर्माचा सोयरा, झालास तिचा नवरा. पोरगा चांगला आहे, पण सुट्टीवर आला की त्याचे हात रिकामे आणि डोकं भरलेलं असतं. जेवण झाल्यावर शेडमध्ये त्यानं मला फोनवर फोटो दाखवले. मोटरसायकली, पण सोलून ठेवलेल्या. त्याला बॉबर म्हणतात म्हणे. लढाईवरून परत आलेल्या अमेरिकन पोरांनी काढलेली टूम. ‘बाबा, जे लागत नाही ते काढून टाकायचं,’ तो म्हणाला, ‘मागचं मडगार्ड आखूड करायचं, एकट्यापुरती सीट ठेवायची. गाडी हलकी होते, हरणासारखी पळते.’ कुम, माझ्या वयाच्या माणसापुढं कुणी ‘जे लागत नाही ते काढून टाका’ म्हणालं, तर ते बहुतेक आपल्याविषयीच असतं. पहिल्यांदाच ते दुसऱ्या कशाविषयी होतं. मला ते फार आवडलं.

आपली जावा तशी जड झालीच होती. (आपली म्हणतो, कारण तिच्यावर माझ्याएवढाच तूही बसलायस, मी पुढं आणि तू मागं, तुझं पोट माझ्या पाठीला टेकून. थंडीत त्या पोटाइतकं ऊबदार काही मला आजवर मिळालं नाही.) स्टँडवरून उतरवताना मला धाप लागायची. ओग्न्येन परत गेला आणि मी पान्हे घेऊन बसलो. आरसे काढले, मागून येणारा कोण आहे ते आमच्या गावात आवाजावरूनच कळतं. हॉर्न काढला. चेनवरचं कव्हर काढलं. बाजूच्या पेट्या काढल्या, त्यांत आता वुकोसावा कांदे ठेवते. सायलेन्सर अर्ध्यावर कापला. मग ती लांब सीट काढली, आणि तिच्या जागी गवत ओढायच्या जुन्या दाताळ्याची लोखंडी सीट खाली स्प्रिंगा देऊन बसवली. ती, भोकं पाडलेली, जिच्यावर माझे आजोबा घोड्यामागं बसायचे. लांब सीट आमच्या कुत्र्यानं पळवली आणि दोन दिवसांत आतला काथ्या सबंध अंगणभर पसरला. एवढ्यावर थांबलो असतो तरी आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पण माणूस एकदा काढायला लागला की हात थांबत नाही. ग्राइंडर हातात होता, आणि मागचं मडगार्ड समोर होतं.

त्या मडगार्डाचं तुला मी काय सांगावं. जुनं गंजून पडलं तेव्हा बाजारात खिळासुद्धा मिळत नव्हता. त्याच वर्षी तुमचे वडील गेले, वाटणी झाली, आणि राकियाच्या भट्टीचं पातेलं थोरल्याकडं गेलं नि तांब्याचं झाकण तुझ्याकडं. नुसत्या झाकणानं कुणी दारू गाळत नाही. तू ते उन्हात बसून ठोकून ठोकून वाकवलंस आणि माझ्या जावाचं मडगार्ड केलंस. म्हणालास, ‘बापाचं झाकण आहे, रस्त्यानं फिरू दे जरा. उभा जन्म भट्टीवर बसून होतं.’ वडिलांचं म्हणून तुझ्याकडं जे काय आलं ते एवढंच, आणि तेही तू माझ्या मागच्या चाकावर बसवलंस. हे सगळं मला ठाऊक होतं, कुम. ग्राइंडरला ठाऊक नव्हतं.

कापलेला तुकडा मी शेडच्या भिंतीला खिळ्यावर टांगला. वाटलं, घोड्याच्या नालासारखा शोभेल. मग मे महिन्यात जुर्जेव्दानच्या सणाला तू आलास. तुला मी जावा दाखवली, किक मारून आवाज ऐकवला (कोंबड्यांनी त्या दिवसापासून अंडी द्यायचं सोडलं, अजून सुरू केलेलं नाही), आणि वळून बघतो तर तू गाडीकडं बघतच नव्हतास. भिंतीकडं बघत होतास. शिवी दिली असतीस, एखादा पान्हा माझ्या डोक्यात घातला असतास, तर राकियाच्या दुसऱ्या पेल्यापर्यंत सगळं निवळलं असतं. तू टोपी घातलीस आणि त्या गुडघ्यांनिशी डोंगर चढून पायी घरी गेलास. मी मागून हाका मारल्या, पण सायलेन्सर कापलेली जावा चालू होती.

आता माझी काय गत झाली तेही ऐक, म्हणजे थोडं तरी बरं वाटेल. चेनला कव्हर नाही, म्हणून पहिल्याच दिवशी माझी रविवारची विजार गुडघ्यापासून गेली. मडगार्ड आखूड, म्हणून पावसात चाक उडवेल तेवढा चिखल माझ्या कमरेपासून कॉलरपर्यंत एका रेघेत चढायचा. तसाच मी चर्चमध्ये जाऊन उभा राहिलो. मागं बायका कुजबुजत होत्या, मला वाटलं प्रार्थना चाललीय. आमचे पाद्रीबुवा, पोप मिलुटिन, शेवटी क्रॉस पुढं करताना हळूच म्हणाले, ‘तिहोमिर, तुला कुणी फरपटत आणलं की आपण होऊन आलास?’ वुकोसावा तर कोट धुऊन थकली. म्हणते, ‘तू गाडीचं एवढं काढलंस, आता हा कोटही काढून टाक, म्हणजे मी सुटले.’ वाल्येवोच्या रस्त्यावर पोलिसानं अडवलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, परत उलटी मारली, आणि विचारलं, ‘काका, बाकीची कुठंय?’ मी म्हटलं घरी आहे. ‘मग घरीच जा तिच्याकडं,’ म्हणाला आणि सोडून दिलं. त्याला बिचाऱ्याला काय कलम लावावं तेच कळेना.

आणि ती सीट. कुम, लोखंडाला दया नसते. आजोबा तिच्यावर मऊ शेतातून, घोड्याच्या चालीनं जायचे. मी खडीवरून जातो. प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग मला वर उडवते, आणि मी खाली यायच्या आत पुढचा खड्डा आलेला असतो. डॉक्टरीणबाईंनी कंबरेचा फोटो काढला, बराच वेळ उजेडावर धरला आणि विचारलं, ‘आजोबा, घोड्यावरून पडलात का?’ मी हो म्हटलं. कोण एवढं सगळं सांगत बसणार.

तर ऑगस्टपासून मी सगळं परत बसवतोय. आधी चेनकव्हर आलं. मग सायलेन्सर, वुकोसावानं अंड्यांवरून जेवण बंद करायची धमकी दिली म्हणून. मग हॉर्न, मग आरसे. कांदे मात्र पेट्या सोडायला तयार नाहीत. ओग्न्येनला फोटो पाठवला तर म्हणाला, ‘बाबा, हा आता बॉबर राहिला नाही.’ मी म्हटलं, मीही राहिलो नाही. खरं सांगू, थकलोय. एखादी वस्तू काढायला पान्हा आणि सकाळ पुरते. परत बसवायला महिने जातात, आणि तरी काहीतरी खडखडतच राहतं.

असो. बाकी इकडं सर्व ठीक. डुक्कर चांगलं पोसलंय. आलुबुखार यंदा कमी, पण गोड. मित्रोव्दान, आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, जवळ आलाय, आणि त्याबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. अशा दिवसाला, स्लाव्हाला, बोलावणं करायचं नसतं, ते तुला मी काय शिकवावं; दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचं तो येतो. बोलावलं तर त्याचा अर्थ, हा माणूस येणार नाही अशी यजमानाला भीती वाटते. मला तशी काही भीती वाटत नाही. मी एवढंच म्हणतो, की इतकी वर्षं मी त्या दिवशी सकाळी सहज, काहीतरी कामासाठी, तुझ्या घरावरून जायचो, आणि तूही सहज, काळा कोट घालून, फाटकात उभा असायचास. दोघांनी कधी विचारलं नाही, काय रे, इथं कसा. तू मागं बसायचास आणि आपण निघायचो. यंदा मी सहज जाईन तर तुला बसवू कुठं? एवढाच प्रश्न मला पडलाय. तो काही बोलावण्यात मोडत नाही.

कळावे, लोभ असावा. (होता, तेवढा नको, थोडा पुरे.)

तुझा कुम,
तिहोमिर

ता. क. वर वाचताना वाटेल, मी सगळं ओग्न्येनवर ढकलतोय. तसं नाही. वुकोसावा पत्र वाचून म्हणाली, खरं तेवढं लिही. फोटो दाखवताना त्यानं आपल्या जावाच्या मागच्या मडगार्डावर हात ठेवला होता आणि म्हणाला होता, ‘फक्त या तांब्याला हात लावू नका, बाबा. तिचं सगळं रूप यातच आहे.’ मी ऐकलं होतं.

आणखी ता. क. तुकडा आता भिंतीवर नाही. वाल्येवोत एक तांबट आहे, त्याच्याकडं मी दोन्ही तुकडे घेऊन गेलो. तो म्हणाला जोडता येईल, पण शिवण दिसेल. म्हटलं दिसू दे. दिसते. मडगार्ड पुन्हा पूर्वीएवढं लांब आहे आणि मधे पितळेची एक जाड रेघ आहे, अगदी डॉक्टरनं टाके घातल्यासारखी. त्यावर तुला काय म्हणायचंय ते प्रत्यक्ष बघून म्हण.

आणखी एक. लांब सीट नाहीच, ती कुत्र्यानं खाल्ली. तेव्हा मित्रोव्दानला सकाळी मला तुमच्या गावात पॉवर टिलर घेऊन यायचंय. काम काय ते अजून ठरलेलं नाही. मागच्या ट्रॉलीत मी बैठकीच्या खोलीतली आरामखुर्ची दोरानं आवळून बांधलीय, तिच्यावर घोंगडी टाकलीय, आणि शेजारी कुमा देसान्कासाठी गादी घातलेली पेटी. का बांधलीय विचारलंस तर सांगेन, खुर्चीला हवा खायची होती. चढायला पायरी केलीय, डाव्या गुडघ्याच्या उंचीची.

(देसान्का, मी वुकोसावा. हा बाहेर जनावरांना चारा टाकतोय तोवर चार ओळी. पोप मिलुटिननी यंदा विचारलं की स्लाव्हाचा पाव फिरवताना तुझ्या नवऱ्याच्या जागी समोरून हात कोण लावणार, तर हा म्हणाला, मी एकटाच फिरवीन. पोप म्हणाले, असं होत नाही. तर म्हणाला, मग फिरवायचाच नाही. बाई, मी एवढा पाव मळायचा, वर कणकेची कबुतरं नि द्राक्षं काढायची, आणि तो तसाच टेबलावर राहायचा? तुझ्या नवऱ्याला तू पटव, माझ्याला मी पटवते. यजमानानं बोलवायचं नसतं. यजमानिणीबद्दल कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. या.)

वरचं वुकोसावानं काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. (वाचलं. खोडलं नाही.)

उत्तर लगेच लिही, कुम. येतोस की नाही ते लिहू नकोस, मी विचारलेलंच नाही. नुसत्या शिव्या लिहिल्यास तरी चालतील, जुर्जेव्दानपासून साठलेल्या सगळ्या, पानभर, दोन्ही बाजूंनी. पण तुझ्या हातानं लिही, आणि मित्रोव्दानच्या आधी पोचेल असं टाक.