कंसातलं परीक्षेला येत नाही

प्रिय बिराजदार सर,

तुमच्या शोकसभेत सगळे बोलले, मी गप्प बसलो. आज लिहितोय, कारण तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती हातात पडलीय आणि मला अक्षरशः किळस आलीय.

अठराव्या शतकातलं ते इंग्रजी विनोदी नाटक हो! जुन्या प्रतींशी ओळ न् ओळ ताडून, टिपा देऊन तुम्ही लातूरच्या पोरांसाठी छापून घेतलं होतं ते. आता मी शिकवतो त्या क्लासच्या मालकांनी काढलंय. मुखपृष्ठावर टॉपर पोरीचा फोटो, खाली संपादक म्हणून तुमचं नाव. नाटकाच्या पुस्तकावर टॉपर! काय संबंध, सांगा?

तेही गिळलं असतं. पण पानं कमी करायला मालकांनी हुकूम सोडला, कंसातलं सगळं उडवा, ते परीक्षेला येत नाही. समोरच्याला ऐकू जाऊ नये अशा प्रत्येक वाक्याआधी कंसात 'स्वगत' असतं ना, तेही उडालं. वाक्यं तेवढी राहिली. आता तुमचा तो लोचट भाचा श्रीमंत मावशीचा हात धरतो आणि तिच्या तोंडावर म्हणतो, ही थेरडी मरते कधी! त्यावर मावशी लाजून म्हणते, किती गोड बोलतोस रे. वर्गच्या वर्ग हे पाठ करतोय. एकानंही विचारलं नाही, सर.

भूकंपानंतरची ती दुपार आठवते? औशात भिंतीचा भरवसा उरला नव्हता, सगळे मैदानात पालं टाकून होते. तुम्ही लिंबाखाली आम्हा चार-पाच पोरांना हेच नाटक वाचायला बसवलंत. मला संताप आला होता. माणसं गेलीत आणि ह्यांना नाटक सुचतंय! तुम्ही भाचा झालात. स्वगत आलं की मान वळवून, तोंडाआड रुमाल धरून बोलायचात. शेजारच्या पालातल्या गयाबाईंची बहीण गेली होती. त्यांना इंग्रजीचा ओ की ठो कळत नव्हता, पण त्या हसल्या.

"म्होरं एक बोलतंय न् मागं एक. लई बिलंदर हाय की ह्यो!"

गयाबाईंना कळलं ते आमच्या एवढ्या मोठ्या क्लासला कळलं नाही. मालकांकडे गेलो, तर मान वर न करता विचारतात, ह्यावर प्रश्न येतो का? नाही येत, म्हणालो. मग कशाला डोकं खाता, म्हणाले.

पण खरी घाण पुढेच आहे. प्रूफं माझ्याकडे आली होती. तपासली कसली, सही ठोकली! दिवसाला सहा बॅचेस, कुठला वेळ? तुमचं नाव असलेलं पुस्तक मी न वाचता सोडलं. मालकांची कसली किळस घेऊन बसलोय मी?

तुमचंही चुकलंच जरा. पुस्तकाचं काय ते सुधाकर बघेल, असं घरी बाईंना कशाला सांगून ठेवलंत? तेवढ्या शब्दावर त्यांनी छापायची परवानगी दिली. परवा त्यांचा फोन आला. तुमच्या वर्षश्राद्धाला फोटोपुढे ठेवायला त्यांना नवी प्रत हवीय.

सर, शब्द देतो. हे पुस्तक तुमच्या फोटोपुढे जाणार नाही. उद्या रिकाम्या हातानं जातो. बाईंनी दार उघडलं की आधी सांगीन, न वाचता सही मी केली. मगच चप्पल काढीन, तीही त्या आत ये म्हणाल्या तर.

तुमचा नालायक विद्यार्थी,
सुधाकर