मुलगी जशी आहे तशी

प्रिय चिंगे,

जाडजूड पाकीट बघून पोटात गोळा आणू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझे भावोजी गॅलरीतल्या कुंड्यांशी भांडतायत आणि माझा गुडघा जिथल्या तिथे दुखतोय. एवढं तर मी फोनवरही सांगितलं असतं. आपण दोघी फोनवर दुसरं बोलतो तरी काय? गुडघे, हवा, आणि कोणाकडे काय झालं. म्हणून या वेळी लिहायला बसले. पत्रात निदान तू मध्येच "ठेवते गं, दूध उतू जातंय" म्हणू शकत नाहीस, आणि मलाही तसं म्हणून सुटता येत नाही.

पाकिटात एक पुस्तक आहे. ते आधी उघडू नकोस. सांगितलेल्या क्रमानं तू आयुष्यात काही केलं नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी एवढं ऐक माझं.

आमचं ऑफिस तू एकदाच पाहिलंस, तेही जिना चढून दम खाता खाता. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली किल्ली घासायला लागले की वर आमच्या कपातला चहा थरथरतो. एका खोलीत मास्तरांचं चित्रांचं टेबल, दुसरीत मी, संगणक आणि छतापर्यंत गेलेले पुस्तकांचे गठ्ठे. तू तेव्हा विचारलं होतंस, की या वयात हे लचांड कशाला गळ्यात घेतलंस? मी हसण्यावारी नेलं होतं. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची बालपुस्तकं तपासली. काना, मात्रा, वेलांटी, एक सुटू दिली नाही. आणि निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एकदा लक्षात आलं की त्या शेकडो पुस्तकांत एकच घर आहे. आई ओट्यापाशी, बाबा खुर्चीत पेपर घेऊन, आणि दोन गोरीगोमटी मुलं सारखी पळतायत. ज्याची आई बस चालवते तो मुलगा कुठे नाही. दोन आज्यांनी वाढवलेली मुलगी नाही, हातांनी बोलणारी नाही, कुबडी घेऊन शाळेत जाणारा नाही. इतकी वर्षं मी ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसले आणि एवढी मुलं गाळलेली मला दिसली नाहीत!

म्हणून हा उद्योग. अकरा वर्षांत चौतीस पुस्तकं काढली. छोटी, पातळ, पण आमची. बस चालवणाऱ्या आईचं पुस्तक आलं तेव्हा एक खरीखुरी बसचालक बाई गणवेशातच जिना चढून वर आली. पुस्तक उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, "गिअर चुकीच्या बाजूला काढलाय तुम्ही." मास्तरांचे कान लाल झाले. पुढच्या आवृत्तीत गिअर जागेवर गेला. मास्तरांना तू भेटली नाहीस. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता सत्तरीला आलेत. कमी बोलतात, पण बोलले की माणूस दोन दिवस विचार करत बसतो.

तर दीड वर्षापूर्वी मी तुला फोनवर विचारलं होतं, तुझी घड्याळाची गोष्ट लिहू का? तू खो खो हसलीस आणि म्हणालीस, "लिही की, फक्त बाबांचा ओरडा गाळ." नऊ वर्षांची तू, बाबांचं गजराचं घड्याळ गच्चीवर चादरीवर उघडून बसलेली. पुन्हा जोडलंस तेव्हा तीन स्क्रू उरले, आणि रोज दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ बरोबर चालायला लागलं. बाबांनी ते स्क्रू काडेपेटीत ठेवून वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. म्हणायचे, "हे तिघे इतकी वर्षं आत बसून करत काय होते?" ही गोष्ट मी लिहिली. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं तपासल्यावर स्वतःची पहिलीच. मास्तरांनी पहिली चित्रं दाखवली. गुटगुटीत, दोन वेण्या, सगळीकडे एकसारखी सावळी. मी म्हटलं, मुलगी छान आहे, पण तिला कोड आहे.

चिंगे, हा शब्द मी मोठ्यानं उच्चारला तो बहुतेक पहिल्यांदाच. आपल्या घरात त्याला "ते" म्हणायचे. "तिचं ते वाढलंय का?" "पाहुण्यांसमोर ते झाक." मास्तरांनी पेन्सिल उचलली आणि साधा प्रश्न विचारला, "कुठे कुठे?" हातांवर, एवढंच मला सांगता आलं. कोणत्या हातावर? बोटांवर की मनगटावर? चेहऱ्यावर डोळ्यांपाशी की ओठांपाशी? मास्तर मान वर करून म्हणाले, "सख्खी बहीण ना तुमची?" मी घरी जाऊन सगळे जुने अल्बम काढले. फोटोंत तू एक तर मागच्या रांगेत आहेस, किंवा लांब बाह्यांत, किंवा नाहीसच. तुझ्याबरोबर मी एकाच खोलीत वाढले, एका गादीवर झोपले, आणि तुझ्याकडे धड कधी पाहिलंच नाही. नजर त्या डागांवरून उचलून दुसरीकडे ठेवायची सवयच लावून घेतली होती, आणि मनाशी म्हणायचे की हा माझा समजूतदारपणा आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी न कळवता तुझ्याकडे चार दिवस येऊन राहिले, आठवतं? तू तीनदा विचारलंस, भावोजींशी भांडून आलीस का. नव्हते भांडले. मी तुला बघायला आले होते. तू तुझ्या टेबलाशी कुठल्याशा कॉलेजचे दुरुस्तीला आलेले सूक्ष्मदर्शक खोलून बसायचीस, दिवा खाली ओढलेला, आणि मी समोर भाजी निवडण्याचं नाटक करत तुझे हात पाहायचे. डाव्या हाताची तीन बोटं पूर्ण पांढरी, अंगठा सावळा. उजव्या मनगटाभोवती कड्यासारखा पट्टा, खालच्या बाजूला तुटलेला. ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर नखाएवढा ठिपका, तू हसलीस की लांबतो. आणि एका पापणीचे थोडेसे केस रुपेरी. ते तर मला माहीतच नव्हतं गं. तू वर बघून म्हणालीस, "काय टक लावून बघतेयस?" मी म्हटलं, म्हातारी झालीस. तू चिमट्यातला बारीकसा स्क्रू माझ्यावर रोखलास आणि पुन्हा कामाला लागलीस.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू काम करता करता, मान खाली घालूनच आईबद्दल बोललीस. तुझे शब्द मला पाठ आहेत. "आईनं सगळं केलं माझ्यासाठी. डॉक्टर केले, मलमं लावली, रोज उन्हात घेऊन बसली. पण तुझ्या सासरचे पहिल्यांदा घरी यायचे होते, तेव्हा मला मावशीकडे पाठवलं ना, त्या दिवशी कळलं की तिला माझी लाज वाटते. चौदा वर्षांची होते मी. मग शेवटपर्यंत तिच्या जवळ जावंसंच वाटलं नाही." आईच्या शेवटच्या आजारात तूच तिचं सगळं केलंस, औषध, अंघोळ, अंथरूण. फक्त तिच्या उशाशी बसली नाहीस. काम झालं की खोलीबाहेर. आई दाराकडे बघत राहायची. त्या दुपारी तुझं बोलणं संपल्यावर मी काय म्हणाले, माहितीय? "चहा गार होतोय तुझा."

परत आले आणि मास्तरांना सगळं सांगितलं, बोट न बोट. त्यांनी तुला काढलं. गोष्टीत डागांबद्दल एक अक्षर नाही. गोष्ट घड्याळाची आहे, मुलीचे हात जसे आहेत तसे आहेत. आम्ही नमुना प्रत आमच्या वितरकांना दाखवली, म्हणजे आमची पुस्तकं दुकानांत आणि शाळांत पोचवणारे गृहस्थ. माणूस चांगला आहे. त्यांना गोष्ट फार आवडली, म्हणाले, एका वेळी चाळीस शाळांत लावतो. फक्त मुलीचे डाग काढा. "गोष्टीत त्यांचं काही कामच नाही, मग चित्रात कशाला? गोड मुलगी आहे, गोड दिसू द्या. लहान मुलं बिचकतात." चाळीस शाळा, चिंगे! आमचं एकही पुस्तक चारच्या वर शाळांत गेलेलं नाही. मी म्हटलं, बघते.

आणि मी नुसतं बघितलं नाही. जिना चढून वर आले आणि मास्तरांना सांगितलं, डाग काढून एक संच तयार करा. अकरा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी आम्ही हे दुकान मांडलं, ती सोडायला मला जिन्याच्या अठरा पायऱ्या पुरल्या. मास्तर चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. ब्रश धुतले, फडक्याला पुसले आणि म्हणाले, "करतो की. दुसरी मुलगी काढायला किती वेळ लागतो? पण मग हिला कुठे पाठवायचं, तेवढं सांगा."

मी आतल्या खोलीत जाऊन एका गठ्ठ्यावर बसले. खाली किल्ली घासत होते. ती घासून झाली तशी उठले आणि वितरकांना फोन लावला. म्हटलं, मुलगी जशी आहे तशी राहील. ते म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे, बाई." रागावले नाहीत, मीही नाही. पुस्तकाच्या आम्ही थोड्याच प्रती छापल्या आणि स्वतः पिशव्यांत भरून दुकानादुकानांत नेऊन ठेवल्या. माझा गुडघा त्यामुळेच दुखतोय, भावोजींना सांगू नकोस.

गेल्या शनिवारी मुलांच्या वाचनालयात ते पहिल्यांदा वाचून दाखवलं. वीस-बावीस पोरं सतरंजीवर. दुसऱ्याच पानाला पुढे बसलेल्या एका मुलानं बोट दाखवलं, "हिच्या हाताला काय झालंय?" उत्तर तयार होतं, आठ दिवस घोकलं होतं, पण मी आधी पान सरळ करत बसले. तेवढ्यात मागून एक मुलगी वैतागून म्हणाली, "कोड असतं ते. माझ्या आत्याला पण आहे. तुम्ही पुढे वाचा ना!" मी पुढे वाचलं. मग जे भांडण पेटलं ते उरलेल्या तीन स्क्रूंवरून. एक गट म्हणे घड्याळ उद्या बंद पडणार, दुसरा म्हणे ते स्क्रू मुळात चुकून आत पडले होते. हातांबद्दल पुन्हा कोणी काही विचारलं नाही. मास्तर कोपऱ्यात उभे होते, त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. आणि मला वाटलं, एवढंच होतं? आपल्या घरानं इतकी वर्षं जे झाकलं, ते एका सात-आठ वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात उरकलं?

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याच्यासाठी हे पत्र आहे. तुला मावशीकडे आईनं पाठवलं नाही, मी पाठवलं. मीच आईला म्हणाले की पाहुणे येतील तेव्हा चिंगी घरात नको, त्यांनी काही विचारलं तर काय सांगायचं. आई म्हणाली, "ती कुठेही जाणार नाही. ज्यांना चालत नसेल त्यांनी येऊ नये." मी दोन दिवस जेवले नाही. रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आई थकली. म्हणाली, "ठीक आहे, पण तिला मी सांगेन. तू एक शब्द बोलू नकोस. आम्ही काय, आज आहोत उद्या नाही. पुढे तुम्हा दोघींना एकमेकींचीच सोबत आहे. तिला राग यायचाच आहे तर माझा येऊ दे." आणि तिनं तुझी पिशवी भरली. माझ्या सासूबाईंनी तुला लग्नात पाहिलं तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, धाकटी भारी चुणचुणीत आहे. आईनं हे कधी कोणाला कळू दिलं नाही, तू खोलीबाहेर जायचीस तेव्हासुद्धा नाही. एकदा मीच म्हटलं, आई, आता सांगू का तिला? तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि मी सुटल्यासारखी गप्प बसले. तुझ्या टेबलासमोर बसूनही गप्पच बसले. आज तिचा शब्द मोडतेय. चिंगे, तिला तुझी लाज कधीच वाटली नाही, मला वाटली होती. इतकी वर्षं तू जो राग आईवर धरलास तो माझा आहे, तो आता माझ्या नावावर कर. फोन करू नकोस, हवं तर वर्षभर करू नकोस. पण आईचा फोटो तू कपाटात आत ठेवलायस ना, तो बाहेर काढ आणि जरा वेळ तिच्याजवळ बस.

तुझीच,
ताई