बेटावरचे गडगे

इनिश कारा, गॉलवे
८ जून २००६

ति. आईंना वृंदाचा सा. न. वि. वि.

तुमचा मुलगा सुखरूप पोचला. आंबापोळी, कुळथाचं पीठ आणि सोलंही पोचली. लोणच्याच्या बरणीनं मात्र विमानात जीव सोडला, त्यामुळं त्यांचे तीनही शर्ट हळदीला बसल्यासारखे दिसतायत. दीड वर्षानं नवरा बघायचा म्हणून मी धक्क्यावर दोन तास आधी जाऊन उभी. बोटीतून उतरल्यावर पहिलं काय बोलले असतील? म्हणाले, या धक्क्याचा दगड चुनखडीचा दिसतो.

आठ दिवस रजा काढून त्यांना समुद्रापलीकडं मुख्य भूमीवर हिंडवून आणलं. कॉनेमाराचे डोंगर झाले, बरेनचे खडक झाले, क्लेअरचा कडा झाला. कड्यावर सगळं जग समुद्राकडं बघून तोंडात बोट घालतं. तुमचा लेक समुद्राकडं पाठ करून बसला आणि कडेच्या उभ्या फरशांच्या कुंपणात बोटं घालून सांधे तपासत राहिला. एका जपानी बाईनं कडा सोडून ह्यांचाच फोटो काढला. मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी चहा विचारला. इथं पहिलं नको कुणी खरं धरत नाही, तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं असतं. ह्यांनी तिन्ही वेळा नकोच म्हटलं, आणि ती बिचारी किटली हातात घेऊन तशीच उभी. शेवटी मीच दोघांच्या वाटचा चहा प्यायले.

आता खरं लिहिते. मी बेटावर एकटीच नर्स. डॉक्टर आठवड्यातून एकदा बोटीनं येतात. माझी जागा तात्पुरती होती, ती आता कायमची देतायत. एकतीस ऑगस्टच्या आत कागदावर सही करायची. सही केली तर ह्यांनी इथं राहायला यायचं, नाही केली तर मी घरी परतायचं. आता वेगळं राहायचं नाही, एवढं आमचं पक्कं ठरलंय. आई, मला इथं राहायचं आहे. हे तुम्हाला लिहिताना हात अडखळतो, पण तुमच्यापाशी खोटं मला कधी पचलेलं नाही.

कागदाचं मी त्यांना अजून सांगितलं नाही. विचारलं तर ते माझ्यासाठी हो म्हणतील आणि मग जन्मभर गप्प राहतील. त्यांनी आपणहून म्हणायला हवं. तुम्हीच सांगा, विचारू की वाट बघू?

लोभ तर तुम्ही लेकाबरोबर डब्यात भरून पाठवलाच आहे, तो पुरवून खाते.

आपली
वृंदा


मुणगे, ता. देवगड
२३ जून २००६

चि. सौ. वृंदा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दर रविवारी फोनवर तू म्हणतेस बरी आहे, मी म्हणते बरी आहे, आणि तेवढ्यात पैसे संपतात. खरं काय ते कागदावरच उतरतं, म्हणून लिहीत जा.

बरणी मी तिहेरी फडक्यात बांधली होती. त्यानं वाटेत उघडून वास घेतला असणार, विचार त्याला.

विचारू का म्हणतेस, तर विचार. बोलेल त्याची बोरं विकतात, बाई. तू पण मूग गिळून, तो पण मूग गिळून, मग संसार काय शेजारच्यांनी चालवायचा? लग्नाच्या वेळी मी त्याला विचारलं होतं, मुलगी पसंत आहे का. तर हा म्हणाला, मांडवाला खांब किती लागतील. मी त्यातूनच हो समजून घेतलं. विश्रामला तीन दगड दाखव, त्यांच्याविषयी तासभर सांगेल. स्वतःविषयी विचारलंस तर गुरांना पाणी दाखवायला निघून जाईल. म्हणून तर धरून बसवून विचारायचं.

एक मात्र कर, मला मध्ये घालू नको. आई एकटी आहे म्हणून नाही, किंवा आईनं सांगितलं म्हणून हो, असलं काही त्याला बोलू देऊ नको. माझे पाय अजून धड आहेत, आणि बागेत माणसांची ये-जा असते. संध्याकाळी घर मोठं वाटतं, हे खरं आहे. पण हे तुझ्यासाठी लिहिलं, त्याला वाचून दाखवायचं नाही.

तुझं मन कुठं आहे ते तू सरळ लिहिलंस, त्याचा मला राग आला नाही. थोडा आला होता, जेवल्यावर गेला.

माया आहे तेवढीच आहे, राग गेला म्हणून ती वाढली असं समजू नये.

तुझी
आई


इनिश कारा
११ जुलै २००६

ति. आईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळून आठ दिवस झाले, पण विचारायचा धीर अजून झाला नाही. मध्येच तुमच्या लेकानं बेटभर नाव काढलंय, ते आधी ऐका.

मी कामावर गेले की हे एकटेच. रिकामे हात त्यांना चावतात, तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या घरामागं कोलमनची जमीन आहे. कोलमन पंचाहत्तरीचा, त्याची बायको सॉरखा, चार गाई आणि तेवीस शेतं. शेत म्हणजे आपल्या खळ्याएवढं, आणि प्रत्येकाला चारी बाजूंनी दगडाचा गडगा, अगदी आपल्याकडच्यासारखा, चुना नाही की माती नाही. हे त्या गडग्यांवर खुळे झाले होते. म्हणायचे, बांधणाऱ्यांच्या हाताला नमस्कार केला पाहिजे. पण एका ठिकाणी दोन उभ्या शिळांमध्ये गोल गोटे नुसते रचलेले दिसले. ह्यांना वाटलं, कुणा आळशानं वेळ मारून नेलीय. दोन दिवस खपून सगळे गोटे उतरवले, चपटे दगड निवडले, सांध्यावर सांधा येऊ न देता असा गडगा चढवला की मुंगीला वाट मिळू नये. फटींत दगडाच्या बारीक चिपा ठोकल्या त्या वेगळ्याच.

आई, ते दार होतं! इथं शेताला फाटक नसतं. गुरं आत घ्यायची तेव्हा तेवढे गोटे उतरवायचे आणि मागून पुन्हा रचायचे. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, म्हणून ह्यांना सांगावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी कोलमन गाई घेऊन आला, तर दार गायब. आता इथली माणसं तक्रार तोंडावर करत नाहीत. तो गाईंसकट उभा राहिला आणि म्हणाला, हवा बरी आहे. हे म्हणाले, हो. मग अर्धा तास दोघंही उभे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाई, पुन्हा हवा, पुन्हा अर्धा तास. ह्यांना वाटलं म्हातारा काम बघायला येतोय, त्यामुळं स्वारी खूश. तिसऱ्या दिवशी सॉरखानं मला पोस्टात गाठलं आणि म्हणाली की अगं बाई, नवरा तुझा कसबी आहे, देव त्याचे हात राखो, पण आमच्या गाई तीन दिवस रस्त्याकडेचं गवत खातायत, तेवढं जमलं तर बघशील का.

हे कळल्यावर ह्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पहार घेऊन तसेच निघाले. कोलमन म्हणाला, घाई करू नको रे बाबा, इतकी घट्ट भिंत या बेटावर कुणी बांधली नाही, चार लोकांना बघू तरी दे. मग म्हणाला की नोव्हेंबरात वारा सुटला की हीच पहिली आडवी होईल. वाऱ्याला आरपार जायला फटी ठेवाव्या लागतात. ह्यांनी ते ध्यानात घेतलं. तेव्हापासून दोघं रोज सकाळी मिळून पडके गडगे उभे करतायत. कोलमन आयरिशमध्ये बोलतो, हे मालवणीत, आणि अजून भांडण झालेलं नाही. पबमध्ये ह्यांना दारगिळ्या असं नाव पडलंय.

मी खिडकीतून बघते आणि मला ते इतके आवडतात, की लग्नाला सात वर्षं झालेल्या बाईनं हे सासूला लिहू नये. पण परवा जेवताना म्हणाले, आपल्या वरच्या बागेला असाच दगड मिळाला असता तर. म्हणजे मन तिथंच आहे ना? मी भांडी घासायला उठले, आणि विचारायचं राहून गेलं.

माझ्यावरची माया कमी झाली असेल तर कळवू नका, आहे असंच समजून मी चालते.

आपली
वृंदा


इनिश कारा
५ ऑगस्ट २००६

ति. आईस विश्रामचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर बघून घाबरू नको. सगळी बरी आहेत. बरणी मी उघडली नव्हती.

वृंदाचा पाय मुरगळला. गडगा ओलांडताना. रजा घे म्हटलं तर म्हणाली, माझ्या जागी दुसरं कोण आहे? मग ती काठी टेकत आणि मी तिची पिशवी घेऊन, असे नऊ दिवस घरोघरी फिरलो. लांबच्या घरी कोलमनच्या ट्रॅक्टरवर बसून गेलो.

एका म्हाताऱ्याची तिनं नखं कापली. एकाच्या पायाची जखम धुतली. ती जखम बघून मी बाहेर गेलो, ती आत गुणगुणत होती. एक बाई गोळ्या घेत नाही म्हणून वृंदा तिच्यावर ओरडली, तेही त्यांच्या भाषेत. ती बाई हसली आणि गोळी गिळली. प्रत्येक घरात तिची खुर्ची ठरलेली आहे. दुसरं कुणी त्यावर बसत नाही.

मंगळवारी दाट धुकं होतं. कोलमन माझ्यासमोर दगड उचलता उचलता छाती धरून खाली बसला. मी हाक मारली. ती काठी टाकून धावत आली, त्या पायानं. हेलिकॉप्टर मागवलं, पण धुक्यात उतरता येईना. बारा वाजल्यापासून चारपर्यंत. तिनं औषध दिलं, सुई लावली, डॉक्टरांशी फोनवर बोलली, पण आवाज जरासुद्धा चढला नाही. कोलमन फार घाबरला होता. ती त्याला म्हणाली, तुझ्या तेवीस शेतांची नावं सांग, मी लिहून घेते. इथं प्रत्येक शेताला नाव असतं. तो हळूहळू एकेक सांगत गेला. दमला की ती थांबवायची, हात धरून बसायची, मग पुढचं विचारायची. एकोणीस नावं झाली तेव्हा धुकं उठलं. तो आता गॉलवेच्या इस्पितळात बरा आहे. उरलेली चार नावं त्यानं फोन करून सांगितली.

आई, पाच वर्षं मी गावात सांगतोय, बायको परदेशात असते, नोकरी चांगली आहे. ती काय करते ते मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. कोलमनला हेलिकॉप्टरात चढवलं, मग ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, तुम्ही जेवला नाहीत. तेव्हा मला तोंड वर करवेना.

नोकरीचा कागद मला पिशवीत दिसला. ती त्याबद्दल बोलली नाही, मीही बोललो नाही. मला इथं राहावंसं वाटतं. गडग्यांचं काम जन्मभर पुरेल एवढं आहे. पण तू तिथं एकटी पडशील, म्हणून जीभ उचलत नाही. तू ये म्हणालीस तर आम्ही दोघंही येऊ. मला कागद दिसला होता हे तिला कधी सांगणार नाही, आणि कुरकुर करणार नाही. लगेच कळव.

लोभाचं वृंदा लिहिते तसं मला जमत नाही. आहे.

तुझा
विश्राम


मुणगे
१७ ऑगस्ट २००६

चि. विश्राम यास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून पोस्टमन म्हणाला, काकी, हे कुणाचं? मी म्हटलं, दारगिळ्याचं. गावात आता तेच नाव चालू झालंय, तू येशील तेव्हा कळेलच. कोलमनला माझा नमस्कार सांग, आणि त्याला म्हणावं, आता जड दगड माझ्या मुलाला उचलू दे.

तू मला विचारलंस, म्हणून एक सांगते. हे आजवर कुणाजवळ बोलले नाही. तुझे बाबा एकवीस वर्षं बोटीवर होते. मला सांगायचे, इंजिनावर आहे. दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचे. चुलीकडं कधी फिरकले नाहीत. पण जेवताना आमटीचा पहिला भुरका घेतला की डोळे मिटायचे आणि म्हणायचे, मीठ बरोबर पडलंय. मला राग यायचा. म्हटलं, इंजिनावरच्या माणसाला बायकांच्या कामात नाक खुपसायची हौस कशाला?

ते गेल्यावर दुसऱ्या महिन्यात त्यांचा बोटीवरचा एक सोबती रत्नागिरीहून आला. तू तेव्हा शाळेत होतास. पडवीत बसून तो लहान पोरासारखा रडला. म्हणाला, वहिनी, समुद्र खवळला की कुणाच्या पोटात काही ठरायचं नाही, तेव्हा भाऊ मऊ भात करून एकेकाला भरवायचे. आईच्या हातचं खाल्ल्यासारखं वाटायचं. मी त्याला विचारलं, इंजिनावरच्या माणसाला भात कसा करता येईल? त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, कुठलं इंजिन? मग मला कळलं. ते आचारी होते. गावात सांगायची लाज वाटली असेल. आणि मी तरी काय, दिवसभर तिथं काय करता हो, असं एकवीस वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नाही.

बागेकडं बघायला तुझा मामा आहे. माझी आबाळ होणार नाही. आंब्याच्या दिवसांत दोघं येऊन जा. मला रडू येणार, ते मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे फोनवर आवाज बदलला की उगाच घाबरू नका.

तू तुझ्या बायकोला वेळेत पाहिलंस. आता हे पत्र वाचून खिशात घालू नको. आत जा, ती जे काम करत असेल ते बाजूला ठेवायला सांग, तिच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग, की मला इथं तुझ्याजवळ राहायचं आहे. कागदाचं नंतर.

सगळ्या बोटीनं त्यांच्या हातचं खाल्लं, रे. मी एक घासही खाल्ला नाही.

लोभ तुम्हा दोघांवर सारखाच आहे, भांडून वाटून घ्या.

तुझी
आई